लादीला घाबरणाऱ्या चिकूसाठी: आधी घसरणं थांबवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिकू पाच वर्षांची देशी कुत्री, नेरूळच्या सिडकोच्या जुन्या घरात मोझॅकच्या लादीवर वाढलेली. मे महिन्यात तुम्ही खारघरला अकराव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये आलात आणि इथे दारापासून किचनपर्यंत चकचकीत विट्रिफाइड टाइल्स. तिसऱ्या दिवशी बेल वाजली, चिकू सवयीप्रमाणे दाराकडे धावली आणि हॉलच्या मधोमध चारी पाय फाकून पोटावर आपटली. तेव्हापासून ती बेडरूममधल्या पायपुसण्यावर बसून असते. पाणी प्यायलाही हॉलमध्ये येत नाही. फिरायला न्यायचं तर तुमचे मिस्टर तिला पट्ट्याने ओढत दारापर्यंत नेतात, आणि दोनदा तिने बेडरूममध्येच शू केली. सासूबाई म्हणतात, नाटकं करते, चार दिवस ओढून न्या, आपोआप सवय होईल. आणि गणपतीला घर भरलेलं असणार, तोवर ती बरी होईल का, असं तुम्ही विचारलंय.

बाकी सगळं नंतर वाचा, पण पट्टा ओढणं आजपासून बंद करा. ओढल्यावर कुत्रा मागे रेटा देतो, पुढचे पाय ताठ करतो, आणि ताठ पाय गुळगुळीत लादीवर हमखास सरकतात. म्हणजे दारापर्यंतच्या त्या पंधरा फुटांत चिकू रोज पुन्हा घसरते आहे आणि वर गळ्याला फासही बसतो आहे. तिला सवय होते आहे ती भीतीचीच.

मी ठाण्यात गेली सतरा वर्षं कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करते. घोडबंदर रोडला आणि तुमच्या खारघरकडे जसजसे नवे टॉवर उभे राहिले तसतसे या तक्रारीचे फोन वाढले. ‘घर बदललं आणि कुत्रं बिघडलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता पत्ता विचारायच्या आधी मी लादी कुठली आहे ते विचारते.

चिकू नाटक करत नाही, हे सासूबाईंना पटवायचं असेल तर तिचा पंजा हातात घेऊन दाखवा. कुत्रा बोटांवर चालतो. आपली टाच टेकते तशी त्याची टेकत नाही. जमिनीला लागतात त्या चार बोटांच्या चार गाद्या आणि मधली एक मोठी गादी. त्या गादीवरून बोट फिरवा, पॉलिश पेपरसारखी खरखर लागेल. डांबरावर, मातीत, जुन्या झिजलेल्या मोझॅकवर ही खरखर पकड घेते आणि शिवाय नखं थोडी रुततात. आता घाबरल्यावर काय होतं बघा. कुत्रा बोटं आखडून नखं खाली रोवायला बघतो. चिखलात तो असाच सावरतो, अंगात भिनलेली गोष्ट आहे ती. विट्रिफाइड टाइलमध्ये मात्र नख रुतायला जागाच नाही. नखं आधी टेकतात, त्यांच्या आधाराने गादी लादीपासून उचलली जाते, आणि पकड घेणारी एकमेव गोष्ट हवेत राहते. त्यातच कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि घाबरला की जास्त येतो. दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर कुत्र्याच्या पायाचे ओले ठसे उमटतात ना, ते त्याचेच. थोडक्यात, घाबरलेला कुत्रा न घाबरलेल्यापेक्षा खरोखरच जास्त घसरतो. घसरला की आणखी घाबरतो.

म्हणून माझा एक आग्रह आहे आणि त्यावर मी अडून बसते: भीती घालवायच्या मागे लागण्याआधी घसरणं थांबवा. बहुतेक लोक उलटं करतात. उकडलेलं चिकन घेऊन हॉलच्या मधोमध बसतात आणि ‘ये ये’ करतात. मीही केलंय. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, नौपाड्यात एका घरी स्पिट्झ जातीची कुत्री होती, अशीच लादीला घाबरलेली. मी हॉलमध्ये मांडी घालून बसले आणि कलेजीचा एकेक तुकडा पुढे ठेवत तिला बोलावलं. ती आली. नजर कलेजीवर असल्यामुळे निम्म्यापर्यंत आलीसुद्धा. मग तिचं लक्ष पायाखाली गेलं, ती जागच्या जागी वळायला गेली, मागचे पाय सुटले आणि ती ओरडत फरफटत कडेला गेली. त्यानंतर तिने कितीतरी दिवस माझ्या हातून काहीही खाल्लं नाही. तिच्या लेखी कलेजी दाखवणारी बाई म्हणजे पडण्याची सूचना. त्या दिवसापासून उघड्या लादीवर मी कुठल्याही कुत्र्याला लालूच दाखवून बोलावत नाही.

आता चिकूचं क्रमाने घेऊ. सुरुवात डॉक्टरपासून. पडण्याचं कारण तुमच्यासमोर घडलंय, तेव्हा ही निव्वळ भीती असायची शक्यता मोठी आहे. तरी ती जोरात आपटली आहे आणि तेव्हापासून चालतच नाही, त्यामुळे गुडघ्याचं लिगामेंट, कंबर, खुबे एकदा हाताखालून जायला हवेत. तोवर घरी एवढं बघा: बसून उठताना ती आधी पुढचे पाय टेकून मागचं अंग ओढते का? एखादा मागचा पाय बोटांच्या टोकांवर अलगद टेकवते का? खाली मातीत सोडल्यावर मोकळी धावते का, की तिथेही जपून? चालताना पंजा उलटा दुमडून त्याची वरची बाजू जमिनीला टेकते का? हे शेवटचं दिसलं तर मज्जातंतूंचा प्रश्न असू शकतो, त्यात उद्यावर ढकलू नका. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा ताप फार. त्यात सांधे दुखतात, अंगातलं बळ जातं, आणि घरच्यांना वाटतं की कुत्रं लादीला घाबरतंय. रक्त तपासलं की उलगडा होतो.

हे सांगायचं कारण आहे. कोपरीत एक दहा वर्षांचा लॅब्राडॉर होता. आयुष्यभर त्याच घरात, त्याच लादीवर वावरलेला, आणि एका हिवाळ्यात त्याने हॉल ओलांडणं बंद केलं. घरच्यांनी मला बोलावलं ते ‘ट्रेनिंग’साठी. लादी बदलली नव्हती, मग बदललं होतं ते त्याचं अंग. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांत संधिवात निघाला. वेदनेवर औषध सुरू झालं, वजन कमी केलं, मॅट टाकल्या, आणि माझ्याकडून वेगळं काही शिकवावं लागलं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याने ओळखीच्या लादीवर अचानक पाय ठेवणं सोडलं तर ती दुखण्याची तक्रार समजा. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायचं नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण ‘तिला उपाशी कसं ठेवायचं’ हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात येतो. ४८ लॅब्राडॉरवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला नेहमीचं खाणं आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. आणि संधिवाताच्या औषधांची गरज कमी खाणाऱ्यांना बरीच उशिरा लागली. चिकूच्या बरगड्या हात फिरवल्यावर, न दाबता, बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर पोळी-तुपाचा शेवटचा घास बंद.

आता नखं. हे तुम्ही टाळाल हे मला माहीत आहे, कारण सगळेच टाळतात. नेरूळला चिकू डांबरी रस्त्यावर रोज भरपूर फिरत असणार, नखं आपोआप झिजत असणार. दोन महिने ती नीट चाललेली नाही, म्हणजे नखं वाढली असणार. तपासायचं कसं? तिला सपाट जागी, मॅटवर नव्हे, उभं करा. तिच्या पायपुसण्याच्या शेजारी एक पुठ्ठा टाकलात तरी चालेल. आता एखादं पोस्टकार्ड नखांच्या टोकाखालून सरकवा. ते अडलं तर नख जमिनीला टेकतंय, म्हणजे कापायला हवं. चालताना लादीवर ‘टकटक’ आवाज येत असेल तर पोस्टकार्डाचीही गरज नाही.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. देशी कुत्र्यांची नखं बहुतेक काळी, त्यात ती दिसत नाही. म्हणून काळ्या नखाचा एका वेळी तांदळाएवढाच तुकडा काढायचा आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो पांढुरका, कोरडा, भुसभुशीत दिसतो. मग मधोमध एक गडद, ओलसर ठिपका दिसायला लागतो. ठिपका दिसला की थांबा. नखं खूप वाढलेली असतील तर आतली रक्तवाहिनीही लांबलेली असते, एका दिवसात मापात आणता येत नाहीत. आठवड्याला थोडं थोडं कापत गेलं की ती मागे हटते. चुकून रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा मैदा चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबून धरा, दोन-तीन मिनिटांत थांबतं. पण त्या रक्तापेक्षा कुत्र्याच्या मनात बसलेली कात्रीची धास्ती जास्त महाग पडते. त्यामुळे चिकू पाय ओढून घेत असेल तर जबरदस्तीने चार जणांनी धरून कापू नका. एक दिवस नुसता पंजा हातात घेऊन खाऊ, दुसऱ्या दिवशी कटर नखाला लावून खाऊ, तिसऱ्या दिवशी एकच नख. एका दिवसात एक नख कापलं तरी आतल्या बाजूची अंगठ्याची नखं धरून तीन आठवड्यांत सगळी होतात. जमणारच नसेल तर डॉक्टरांकडून कापून घ्या.

पंजाच्या गाद्यांमधले केसही बघा. चिकूला फारसे नसतील. पण ज्यांच्याकडे पॉमेरियन, शिह त्झू, गोल्डन किंवा कॉकर आहे त्यांच्यासाठी सांगते, हे केस गादीच्या खाली येतात आणि कुत्रा लोकरीचे मोजे घालून लादीवर चालल्यासारखा चालतो. ते गादीच्या पातळीला कापायचे, खोल बोटांच्या बेचक्यात कात्री घालायची नाही.

आता लादी. तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये सतरंजी टाकून बघितली, तरी येत नाही. ताई, सतरंजी काढून टाका. सतरंजी, चटई, गोणपाट, जुनी चादर, हे सगळं विट्रिफाइड लादीवर कुत्र्याच्या पायाखालून सरकतं. ज्या जमिनीने एकदा दगा दिला तीच आता चादर पांघरून दगा देते, आणि मग तिचा मऊ गोष्टींवरचाही विश्वास उडतो. मॅट विकत घेताना परीक्षा एकच: लादी कोरडी पुसा, मॅट टाका, स्वतः अनवाणी उभं राहून पायाने तिला पुढे ढकलायला बघा. ढकलली गेली तर ती मॅट नको. मागून रबर असलेला रनर, म्हणजे लांबट, अरुंद गालिचा, जिममध्ये असतात तशी रबराची मॅट, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट, नाहीतर जुनी योगा मॅट, यातलं काहीही चालतं. फोमच्या मॅट चावणाऱ्या कुत्र्याला नकोत, तुकडे गिळले तर आतड्यात अडकतात. रनर मनासारखा सापडला पण सरकतोय असं असेल तर त्याच्याखाली घालायची जाळीदार रबरी शीट मिळते.

सगळा हॉल झाकायची गरज नाही. चिकूचा रस्ता झाका. तिच्या पायपुसण्यापासून बेडरूमच्या दारापर्यंत, तिथून पॅसेजमधून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि मुख्य दारापर्यंत. तुमची लादी दोन बाय दोन फुटांची असेल तर लाद्या मोजा, लगेच माप मिळेल. रस्ता दोन फूट रुंद आणि कुठेही न तुटणारा. तिचं खाण्याचं-पाण्याचं भांडं मॅटवर, भांड्यासमोर ती चारी पायांनी उभी राहील एवढी जागा धरून. जिथे तिला वळावं लागतं, म्हणजे दाराशी आणि कोपऱ्यात, तिथे मॅट दुप्पट रुंद हवी, कारण कुत्री सरळ चालताना कमी आणि वळताना जास्त पडतात. ती पलंगावर किंवा सोफ्यावर चढत असेल तर उतरण्याच्या जागीही एक.

लादी पुसणाऱ्या मावशींशी बोला. फिनाईल किंवा सुगंधी लिक्विड जास्त पडलं की लादीवर साबणासारखा पातळ थर राहतो, आपल्या पायाला कळत नाही पण गादीला कळतो. शिवाय कुत्री पंजे चाटतात, ते पोटात जातं. लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या मापाने, त्यानंतर एकदा साध्या पाण्याने पुसणं, आणि लादी पूर्ण वाळेपर्यंत चिकू बेडरूममध्ये. पावसाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की वाळायला अर्धा तासही लागतो, पंखा लावा.

रस्ता टाकल्यावर पहिला आठवडा काहीही शिकवू नका. खरंच काही नाही. नुसता रस्ता असू दे. जेवणाचं भांडं बेडरूममध्येच ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा, ती बघत नसताना, मॅटवर थोडं थोडं खाऊ पेरून ठेवा: उकडलेल्या चिकनचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे, पनीर, काहीही तिच्या आवडीचं. हाक मारायची नाही, बाजूला उभं राहून ‘जा ना, जा ना’ करायचं नाही. रात्री घर शांत झाल्यावर ती एकटी जाऊन हुंगून येईल. बहुतेक कुत्री पहिल्यांदा अशीच येतात, सगळे झोपल्यावर. सकाळी मॅटवरचा तुकडा गायब दिसला की तुमचं अर्धं काम झालं म्हणा.

त्यानंतर तुमचा सहभाग. दिवसातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. तुम्ही मॅटवर जमिनीवर बसा, तिच्याकडे तोंड करून नाही, जरा कडेला वळून. ती मॅटवर जितकी पुढे आली असेल तिथून एक हात पुढे तुकडा टाका, तो तिने घेतला की दुसरा तुकडा तिच्या मागे, बेडरूमच्या दिशेने टाका. हा मागे टाकलेला तुकडा फार महत्त्वाचा आहे. पुढे जाण्याचं बक्षीस म्हणून तिला परत सुरक्षित जागी जायला मिळतं. लोक नेमकं उलट करतात, पुढे आली की आणखी पुढे बोलावतात. त्यातून कुत्र्याला कळतं की एक पाऊल टाकलं की हे दोन मागतात. परत जायची मुभा असली की ती स्वतःहून पुढे येते. हे तुम्ही बघाल तेव्हा तुम्हाला भरून येईल, मला अजूनही येतं.

तिचं अंग वाचायला शिका. ओठ चाटणं, उगाच जांभई, कान मागे, शेपटी पोटाखाली, एक पुढचा पंजा उचलून धरणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, याचा अर्थ तिला झेपत नाहीये. आवडीचं चिकन तोंडासमोर असून घेत नाही, तर आपण फार पुढे गेलो आहोत. दोन हात मागे या आणि तिथेच सत्र संपवा.

मॅटच्या रस्त्यावर ती शेपटी सैल सोडून, सावकाश, दिवसातून कितीही वेळा ये-जा करायला लागली, आणि असं सलग आठवडाभर झालं, की मग मॅटमध्ये फटी पाडायच्या. पहिली फट चार बोटांची. तिचं पाऊल तिच्यावरून सहज जाईल, उघडी लादी तिला लागणारही नाही. तीन-चार दिवसांनी वीतभर. मग अर्धी लादी, इथे पहिल्यांदा तिचा एखादा पंजा उघड्या लादीवर टेकेल आणि बाकीचे तीन मॅटवर असतील. हे तिच्या पायांना समजायला वेळ द्या. ती फट उडी मारून पार करत असेल तर फट मोठी झाली आहे, पुन्हा लहान करा, कारण उडीनंतरचं टेकणंच घसरवतं. धावत पार करत असेल तरीही तेच. आपल्याला वेग नको, एकेक पाऊल हवं. काही कुत्री उघड्या लादीवर उलटी, पाठीमागे चालत जातात, काही भिंतीला अंग घासत जातात. चिकूने असं काही केलं तर करू दे, तिला थांबवू नका. काही दिवसांत ते आपसूक सुटतं.

आणि एका लादीपेक्षा मोठी फट पाडायचीच नाही, असं माझं मत आहे. चिकूने संपूर्ण उघड्या हॉलमध्ये बागडलं पाहिजे असं काही नाही. आपल्या घरात म्हातारं माणूस असलं की आपण बाथरूममध्ये रबरी मॅट घालतो आणि ती कायमची राहते. चिकू पाच वर्षांची आहे, आणखी पाच वर्षांनी तिला या मॅट लागणारच आहेत.

बेल विसरू नका. ती पडली ती बेल वाजल्यावर धावताना. म्हणून बेलचा अर्थ बदला. घरातल्या एकाने बेल वाजवायची आणि त्याच क्षणी तुम्ही बेडरूमच्या मॅटवर मूठभर खाऊ पसरायचा. रोज चार-पाच वेळा, दहा-बारा दिवस. बेल वाजली की दाराकडे न जाता मॅटकडे जायचं, हे तिच्या डोक्यात बसलं तर पुढचं पडणं टळलं. हॉलमध्ये चेंडू टाकणं कायमचं बंद.

लॉबी आणि लिफ्टबद्दल. घरातली मॅट लॉबीत नेता येत नाही आणि तिथे बहुतेक ठिकाणी पॉलिश केलेला ग्रॅनाइट असतो, पावसात ओल्या चपलांनी आणखी निसरडा. चिकू सतरा-अठरा किलोची आहे म्हणालात, आणि उचलून घेतलेलं तिला चालतं, तर पहिले दोन-तीन आठवडे सरळ उचलून न्या. एक हात छातीखालून, दुसरा मागच्या मांड्यांमागून, अंग तुमच्या छातीला टेकलेलं. यात लाड होत नाहीत, फक्त दिवसातून चार वेळचं घसरणं वाचतं. बेडरूममधली शू बहुधा त्यानेच थांबेल, ती घाण म्हणून करत नाही, तिला बाहेर जायचा रस्ताच नाहीये. तिला रागवू नका. गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस घ्या, म्हणजे सरकली तरी धरता येईल आणि मान ओढली जाणार नाही.

तुमच्या सेक्रेटरींनी सर्व्हिस लिफ्टच वापरा म्हटलंय आणि तुम्हाला वाईट वाटलंय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. पण चिकूपुरतं बोलायचं तर सर्व्हिस लिफ्टच्या तळाला बऱ्याचदा खडबडीत नक्षीचा लोखंडी पत्रा असतो, आणि ग्रॅनाइटच्या लिफ्टपेक्षा तिला तिथे पाय रोवून उभं राहता येईल. एकदा बघा. सेक्रेटरींशी बोलायचंच असेल तर लॉबीत पावसाळ्यात टाकतात त्या रबरी मॅट लिफ्टपर्यंत सलग टाकायला सांगा. त्याने वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचंही भलं होईल, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं.

बाजारात कुत्र्यांचे रबरी ठिपक्यांचे मोजे, नखांवर चढवायच्या रबरी रिंगा, पंजाला लावायचं मेण असं बरंच मिळतं. मोजे लॉबीपुरते, दहा मिनिटं, ठीक. दिवसभर नकोत. आपल्या दमट हवेत पंजा आत ओला राहतो आणि बोटांच्या बेचक्यात बुरशी येते. ते गोल फिरून रबर वर आलं तर कुत्रा आणखी घसरतो. रिंगा बरोबर मापाच्या बसल्या तर म्हाताऱ्या कुत्र्यांना चांगला आधार देतात, चिकूला सध्या त्यांची गरज दिसत नाही. मेणाचा परिणाम थोडा वेळ टिकतो आणि लादीवर डाग पडतात, त्यावर मी पैसे घालवायला सांगत नाही.

ज्यांच्या घरी पिल्लू येणार आहे त्यांनी हे सगळं पहिल्या दिवसापासून टाळता येतं हे लक्षात ठेवा. तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे पायाखाली अनुभवतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. गवत, माती, जाळी, रबर, लादी, सगळ्यावर त्याला स्वतःच्या गतीने चालू द्या, फक्त लादीवर पळवू नका. नॉर्वेमध्ये मोठ्या अंगाच्या चार जातींच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत पुढे खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्यांत कमी. लॅब्राडॉरचं पिल्लू आणणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

चिकूला किती दिवस लागतील? मॅट टाकल्यावर रस्त्यावर यायला दोन दिवस ते दोन आठवडे, माझ्या पाहण्यात. फटींपर्यंत पोचायला दीड-दोन महिने धरा. मधे एकदा जरी ती पडली तर थेट सलग रस्त्यावर परत या, त्यात हार नाही. आणि चार आठवडे सगळं नीट करूनही ती मॅटवर थरथरत असेल, खात नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि भीती कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा. ती औषधं कुत्र्याला गुंगीत ठेवण्यासाठी नसतात. शिकण्याइतकं मन शांत व्हावं यासाठी असतात, आणि बरीच कुत्री त्यातून बाहेर येतात.

राहिले गणपती. तोवर चिकू हॉलमध्ये पाहुण्यांत वावरेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत लादीवर फुलांच्या पाकळ्या, तुपाचे थेंब, तीर्थाचं पाणी, आणि आरतीला पन्नास पाय. ज्याला भीती नाही त्या कुत्र्यालाही ते जड जातं. तिला तिच्या बेडरूममध्ये ठेवा, मॅट अंथरलेल्या, पाणी तिथेच, दार बंद, बाहेर एक कागद की आत कुत्री आहे, दार उघडू नये. झांजा सुरू व्हायच्या आधी घरातलं एक माणूस आत जाऊन तिच्याजवळ बसेल असं आधीच ठरवा. सासूबाईंना विचारून बघा. त्यांना तिचा राग नाही, तिची काळजी आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात चिकनच्या तुकड्यांऐवजी पनीरची वाटी द्या, म्हणजे सणाला त्यांचीही अडचण नको. रात्री पाहुणे गेले, लादी साध्या पाण्याने पुसून वाळली, की दार उघडा आणि ती कुठपर्यंत येते ते नुसतं बघा, बोलावू नका.